अकरा मिनिटांची वाइन

वाइनचा एक थेंबही जिभेला न लावता वाइनवर सलग पाऊण तास बोलू शकणारा माणूस साऱ्या आखातात एकच होता, आणि तो आमच्या डोक्यावर राहायचा. म्हणजे बहारीनला, सनाबिसमधल्या आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आम्ही आणि चौथ्यावर ते. आम्ही त्यांना वरचे काका म्हणायचो. नात्याने ते आमचे कोणीच नव्हते. बाबांचे मित्र, एवढंच. सीफमधल्या एका टूर कंपनीच्या ऑफिसात ते सहलींचे कागद करायचे. कोणती बस, कोणतं हॉटेल, कुठे उतरायचं, काय खायचं, हे सगळं ठरवायचं काम त्यांचं. अकरा वर्षं त्यांनी एकाच सहलीवर जीव लावला होता: पोर्तुगालचा समुद्रकिनारा, किनाऱ्यालगतचे द्राक्षमळे, तिथली वाइन आणि ताजी मासळी. त्या सहलीवर त्यांनी अनेकांना पाठवलं. स्वतः एकदाच गेले, आणि त्या एका फेरीत त्यांची नोकरी गेली. ती जाण्यात मी लिहिलेल्या एका वाक्याचा हात आहे. मला लिहिण्याची सवय फक्त परीक्षेची, त्यामुळे हे नीट जमेल की नाही माहीत नाही. पण काकांबद्दल लिहायचं तर ते वाक्यही येणार. ते शेवटाकडे येईल.

आधी त्यांच्या न पिण्याबद्दल सांगते. इथली आमची पाच-सहा बौद्ध कुटुंबं शुक्रवारी दुपारी कोणाच्या तरी हॉलमध्ये वंदनेला जमतात. पंचशील म्हणताना काका पहिली तीन शीलं साध्या आवाजात म्हणायचे, चौथ्याला, म्हणजे खोटं न बोलण्याच्या शीलाला, जरा सावरून बसायचे, आणि दारूपासून दूर राहण्याच्या पाचव्या शीलाला त्यांचा आवाज असा चढायचा की शेजारच्या फ्लॅटमधला पाकिस्तानी ड्रायव्हर एकदा काय झालं म्हणून बघायला आला होता. त्यामागे कारण होतं. त्यांचे वडील तासगावकडे दुसऱ्यांच्या द्राक्षबागांत मजुरी करायचे आणि संध्याकाळी ती गुत्त्यावर ठेवून घरी यायचे. एके दिवशी आलेच नाहीत. काका तेव्हा दहावीत होते. दहावी झाली आणि पुस्तकं सुटली. आईबरोबर ते घड विरळायला जायला लागले. हातात छोटी कात्री घेऊन, मान वर करून, दिवसभर एकेका घडातले नको असलेले मणी कापायचे. ते म्हणायचे, "पोरी, मी दहा वर्षं आभाळाकडे बघत जगलो, पण आभाळ काही दिसलं नाही. सगळी द्राक्षंच."

अशा माणसाच्या वाट्याला वाइनचीच सहल यावी, याला काय म्हणावं मला कळत नाही. पण काकांनी त्यातून मार्ग काढला होता. आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते बसवून घ्यायचे, चहा द्यायचे आणि विचारायचे, "ती लाल होती ती कशी लागली? घशात खरखरली? आंबट होती की तुरट?" गिऱ्हाईक सांगायचं ते एका जाड वहीत उतरायचं. वर्षानुवर्षं लोकांच्या जिभा गोळा करून करून ते असे तयार झाले होते की नवीन माणसाला वाटावं, यांचं बालपण एखाद्या पिंपात गेलं असणार. "ह्या मळ्यातली जरा जाड लागते. ती मटणाबरोबर. तारली माशाबरोबर घ्यायची तर पांढरी घ्या, थंड." एकदा एका बाईंनी सहज विचारलं, "तुम्हाला स्वतःला कुठली आवडते?" काका ओशाळले, वही मिटली आणि म्हणाले, "मला बाग आवडते."

बागेचे फोटो मात्र ते तपासायचे ते डोळ्याला भिंग लावून. कंपनीकडे तिकडून चकचकीत पुस्तिका यायच्या. निळा समुद्र, पांढरी वाळू आणि मध्ये हिरव्या ओळी. लोक समुद्र बघायचे, काका वेलींच्या बुडाकडे बघायचे. आणि मग त्यांचा जीव वरखाली व्हायचा. "ही छाटणी कुणी केली? काड्या बघ किती ठेवल्यात! आणि मांडव नाहीच. कंबरेएवढ्या वेली. तोडायला वाकावं लागत असणार गं दिवसभर. आमचं बरं होतं, मान जायची. इथे कंबर जात असेल." अशा पुस्तिका हातात घेऊन ते आमच्याकडे खाली यायचे आणि बाबांसमोर धरायचे. बाबा सित्राच्या रिफायनरीकडे एका वर्कशॉपमध्ये फिटर आहेत. त्यांची कंपनीची बस पहाटे सव्वापाचला येते, त्यामुळे संध्याकाळी त्यांचे डोळे मिटायला लागलेले असतात. ते न बघताच म्हणायचे, "दादा, भुरी पडलीय वाटतं." काका दचकून ती बुरशी शोधायला भिंग परत लावायचे.

काकांचा दुसरा छंद मिनिटांचा. त्यांच्या सहलीच्या कागदावर दिवस असा नसायचाच, मिनिटं असायची. सकाळी ७.३५ नाश्ता. ८.१० बसमध्ये बसणे. ८.१२ मोजणी. ९.४० लघवीसाठी थांबणे, बायका आधी. एक गोष्ट त्या कागदावर कधीच नसायची, ती म्हणजे मोकळा वेळ. बाकीच्या कंपन्या दिवसातून तीन तास मोकळा वेळ लिहून देतात आणि लोक खूश होतात. काकांना ते फसवणूक वाटायची. "मोकळा वेळ म्हणजे काय? म्हणजे आम्हाला सुचलं नाही, तुम्हीच बघा. माणूस एवढ्या लांब जातो आणि तिथे जाऊन बाकावर बसतो, शोभतं का?" आमच्याकडे शुक्रवारी जेवायला यायचे तेव्हाही खिशात चिठ्ठी असायची. आई एकदा वैतागून म्हणाली, "भावजी, भाकरी कधी थापायची तेवढंही लिहून आणा म्हणजे झालं." पुढच्या शुक्रवारी त्यांनी खरंच लिहून आणलं. पहिली भाकरी १२.५०. आईने चिठ्ठी वाचली, काकांकडे बघितलं आणि मला म्हणाली, "ह्यांची बायको तिकडे गावी सुखात असणार."

या मिनिटांत वाइनचा वाटा किती होता, ते मीच टाइप केल्यामुळे मला पाठ आहे. वाइन चाखणे: अकरा मिनिटं. त्याच दिवशी समुद्रावर मासळीचं जेवण: दोन तास पाच मिनिटं. आणि त्याआधी अर्धा तास, द्राक्षमळा पाहणे (बाहेरून). मी एकदा भीत भीत विचारलं, "काका, लोक वाइनसाठी तर जातात ना? अकरा मिनिटांत काय होणार?" ते म्हणाले, "पुष्कळ होतं. माझ्या बापाला चार लागायची." मी पुढची ओळ टाइप केली. त्यांचं इंग्रजी बोलण्यापुरतं होतं, लिहायला ते घाबरायचे. बारावीपासून त्यांचे सगळे कागद मी इंग्रजीत करायचे. ते मराठीत सांगायचे आणि मी लिहायचे. ऑफिसात सगळ्यांना वाटायचं, काकांचं इंग्रजी सुधारत चाललंय.

सहलीला जाणाऱ्यांची ते इथेच तालीमही घ्यायचे. ही गोष्ट मी कॉलेजात मैत्रिणींना सांगितली तर कोणी विश्वास ठेवला नाही. शुक्रवारी सकाळी आधी मासळीबाजार. तिथे काका हमूर माशाचे कल्ले उघडून दाखवायचे. "लाल असला तर घ्या, चॉकलेटी असला तर तोंड फिरवा. तिकडेही हेच. मासा सगळीकडे एकाच भाषेत बोलतो." मग बुदैयाच्या किनाऱ्यावर चटया टाकून ग्लास धरायची तालीम. ग्लासात डाळिंबाचा रस. जूनचा महिना, घामाने डोळे मिटलेले, आणि दहा-बारा माणसं काचेचे ग्लास देठाला धरून गोल फिरवतायत. एका काकूंचा रस उडून शेजारणीच्या साडीवर गेला आणि त्यानंतर त्या दोघी तिकडे एका खोलीत राहायला तयार होईनात. काका शांतपणे शिकवत राहिले. "गोल फिरवायची. नाकाशी न्यायची. डोळे मिटायचे. पुढचं ज्याचं त्याने बघायचं." किनाऱ्यावरून जाणारी बहारीनी पोरं थांबून बघायची आणि मोबाइल काढायची. मी दूर उभी राहून साफ केलेल्या माशांच्या पिशव्या सांभाळायचे आणि मनात म्हणायचे, या माणसाचं काही होऊ शकत नाही.

पण माझं जे झालं ते त्यांच्यामुळेच झालं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. बारावी झाल्यावर बाबांच्या मनात मला गावी आत्याकडे पाठवायचं होतं. पुढे काय ते उघड होतं. बाबा वाईट नाहीत, त्यांना फक्त रस्ता माहीत नव्हता. मी दोन दिवस जेवले नाही, आई भांडी आपटत होती, आणि तिसऱ्या दिवशी काका खाली आले ते कागद घेऊन. चार वर्षांची सहल. पहिलं वर्ष, दुसरं वर्ष, परीक्षा, सुट्टीत टायपिंग, सुट्टीत अकाउंटिंगचा कोर्स. कोणती बस, कुठे बदलायची, डबा कधी खायचा. शेवटची ओळ: पदवी, दुपारी ४ वाजता. बाबांनी कागद तीनदा वाचला. म्हणाले, "दादा, यात लग्न कुठे दिसत नाही." काका म्हणाले, "ते सहलीत धरत नाहीत. ते ज्याचं त्याने बघायचं." बाबांना हसू आलं, आणि त्या हसण्यावर माझा प्रवेश झाला. फॉर्म भरायला काकाच बरोबर आले होते. खिडकीवरच्या बाईने विचारलं, "फादर?" काका म्हणाले, "नो मॅडम. टूर." तो कागद अजून माझ्या टेबलाच्या वर भिंतीला चिकटवलेला आहे.

मागच्या वर्षी सप्टेंबरात एकोणीस मराठी माणसांचा गट ठरला. त्यात वयस्क मंडळी होती, त्यांना मराठी बोलणारा माणूस हवा होता. नेहमी दुसरंच कोणी तरी गटाबरोबर जायचं आणि काका इथे बसून घड्याळ बघायचे, आता त्यांचं जेवण आलं असेल, आता ते बसमध्ये बसले असतील. या वेळी मॅनेजर, ते केरळचे आहेत, म्हणाले, "इस बार आप ही जाओ." काका त्या दिवशी जिना चढून वर गेलेच नाहीत, आमच्याकडेच बसले. आईने चहा दिला तो गार झाला. बऱ्याच वेळाने म्हणाले, "वहिनी, मला तिकडचा मळा आतून बघता येईल का हो?" आई म्हणाली, "तुमच्याच कागदावर बाहेरून लिहिलंय ना?" ते म्हणाले, "हो. ते आता बदलता नाही येणार."

तिकडे काय झालं ते त्यांनी परत आल्यावर आमच्या हॉलमध्ये बसून सांगितलं, तसंच सांगते. चौथ्या दिवशी ठरल्याप्रमाणे ११ वाजता गट मळ्याच्या घरात वाइन चाखायला आत गेला. काका दारात थांबले. हातात घड्याळ, अकरा मिनिटं. समोर मळा होता आणि तोडणी चालू होती. काळी द्राक्षं. पलीकडे, उताराच्या टोकाला, समुद्र. तोडणारी माणसं आपल्याकडची, कोणी नेपाळी, कोणी बंगाली. जवळच्या ओळीत एक बाई होती, पन्नाशीची असेल. ओढणी डोक्यावरून घेऊन तोंडाला बांधलेली, फक्त डोळे उघडे. काका म्हणाले, "आमच्या आईचा पदर असाच असायचा." ती वाकलेली होती आणि तिची पेटी अर्धीच भरली होती, बाकीच्यांच्या दोन-दोन झाल्या होत्या. लांबून मुकादम ओरडत होता. काका तिच्यापाशी गेले. हात जोडले. तिची कमरेची दुसरी कात्री मागून घेतली आणि वाकले.

"एक पेटी भरून देतो म्हटलं. अकरा मिनिटांत एक पेटी सहज होते."

मग एकाची दुसरी झाली. मुकादमाला वाटलं, कंपनीने नवा माणूस पाठवला. त्याने एक टोपी आणून यांच्या डोक्यावर ठेवली. ते म्हणाले, हात आपोआप चालत होते. घड धरायचा, देठ कापायचा, पेटीत ठेवायचा. मान खाली होती, त्यामुळे समुद्रही दिसला नाही. ज्या माणसाने आयुष्यात कोणाला एक मिनिट मोकळं सोडलं नाही, त्याने अकरा ते तीन घड्याळ बघितलं नाही.

इकडे एकोणीस माणसं फाटकाशी उन्हात उभी. जेवायचं ठिकाण फक्त काकांना माहीत, बुकिंगचा कागद काकांच्या खिशात आणि काकांचा फोन बसमध्ये बॅगेत वाजतोय. ड्रायव्हरला पोर्तुगीजखेरीज काही येत नाही. रिकाम्या पोटात वाइन. समुद्रावर यांच्यासाठी भाजलेल्या तारल्या आणि तिसऱ्या शिंपल्यांचा भात गार होतोय. काकांनी शिकवलेलं कोणी विसरलं नव्हतं, एकजण म्हणे अंदाजाने सांगत होता, आता १.१० झाले, आता आपण हात धुतोय. दोन वाजता एका आजींची साखर उतरली. त्यांना मळ्याच्या लोकांनी द्राक्षं चारली आणि त्या सावरल्या. पण घाबरायचं ते सगळे घाबरले. आणि तीन वाजता काका ओळींमधून आले. शर्ट छातीपासून खाली जांभळा. हात जांभळे. डोळे उन्हाने लाल. चार तास वाकून कंबर धरलेली, त्यामुळे चालताना एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. गटाचे पुढारी म्हणजे सीफमधलेच एक सीए, मूळचे पुण्याचे. ते जवळ गेले, काकांच्या शर्टाचा वास घेतला आणि सगळ्यांना म्हणाले, "हेच शिकवलं होतं ना यांनी आपल्याला? गोल फिरवायची, नाकाशी न्यायची!"

तक्रार अठराजणांच्या सह्यांनी आली. एकोणिसावी सही त्या आजींची, ती त्यांनी केली नाही. तक्रारीत लिहिलं होतं की टूर मॅनेजर कामावर असताना मद्यधुंद अवस्थेत चार तास बेपत्ता होता. ज्याच्या पाचव्या शीलाला शेजारी धावून येतो त्या माणसाबद्दल. बाबांना ते कळलं तेव्हा ते आधी हसले, मग त्यांनी तोंडावरून हात फिरवला. ऑफिसने दोन दिवसांत लेखी खुलासा मागितला होता. खुलासा पटला नाही तर नोकरी गेली, आणि नोकरी गेली की व्हिसा गेला. पंचावन्न वर्षांच्या, दहावी शिकलेल्या माणसाला इथे दुसरी नोकरी कोण देणार होतं?

काका खाली आले, नेहमीच्या खुर्चीवर बसले आणि मला म्हणाले, "लिही. अकरा ते तीन मी द्राक्षं तोडली. दारू प्यालो नाही. माणसं उपाशी राहिली, आजींना त्रास झाला, ही माझी चूक. आजींची माफी मागितली आहे, परत मागतो. खलास. एवढंच."

मी म्हणाले, "काका, द्राक्षं तोडली असं लिहिलं तर कोण विश्वास ठेवणार?"

"विश्वास त्यांनी ठेवायचा. आपण लिहायचं."

"दुसरं काही तरी कारण..."

"दुसरं झालंच नाही तर लिहिणार कुठून, पोरी?"

ते वर गेले. मी रात्री उशिरापर्यंत बसून नाही, उलट पटकन लिहिलं, हेच मला अजून टोचतं. आमच्या घरात इंग्रजी फक्त मला येतं आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदाच मला वाटलं की या इंग्रजीचा काही उपयोग होईल. मी काकांची पहिली ओळ काढली आणि तिथे लिहिलं, की कडक उन्हाने मला अचानक भोवळ आली, मी वेलींमध्ये पडलो आणि बराच वेळ शुद्धीवर नव्हतो, त्यामुळेच कपड्यांना द्राक्षांचे डाग लागले. डागांचंसुद्धा जमवलं. व्याकरणाची एकही चूक नव्हती. तोपर्यंत मी इंग्रजीत इतकं चांगलं काही लिहिलं नव्हतं. सकाळी काका ऑफिसला निघताना जिन्यात थांबले, मी कागद पुढे केला. ते म्हणाले, "तू लिहिलंस ना? मग झालं." आणि भिंतीला टेकवून सही केली.

मॅनेजरना काकांना काढायचं नव्हतं. ते कारणच शोधत होते, आणि मी त्यांना ते दिलं होतं. संध्याकाळी काकांनी सगळं सांगितलं. मॅनेजर उठून जवळ आले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "अब तबियत कैसी है?"

काका म्हणाले, "एकदम ठीक."

"डॉक्टर का एक कागज़ ले आओ। बस। मैं ऊपर बोल दूँगा, बात खलास।"

"डॉक्टर का कागज़ किसलिए, साब?"

"आप बेहोश हो गए थे ना?"

"नहीं साब. मैं तो अंगूर तोड़ रहा था."

मॅनेजरने कागद समोर ठेवला. काकांनी चष्मा लावला आणि पहिल्यांदाच माझं इंग्रजी शेवटपर्यंत वाचलं. मॅनेजरने विचारलं, "ये किसने लिखा?" काका म्हणाले, "सही मेरी है." पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. सही माझी आहे. हे खोटं नव्हतं. मॅनेजर म्हणाले म्हणे, "चाचा, मान हलवायची होती फक्त. तेवढंसुद्धा तुमच्याच्याने होत नाही?" आता तक्रार एक होती त्याच्या दोन झाल्या: पिऊन बेपत्ता, आणि खोटा खुलासा.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मला म्हणायचं होतं, काका, मला माफ करा. माझ्या तोंडून निघालं, "तुम्ही गप्प का नाही बसलात?" आईने माझ्याकडे असं बघितलं की मला जमिनीत जावंसं वाटलं. काका मात्र विचार करून, एखाद्या गिऱ्हाइकाला समजवावं तसं म्हणाले, "त्यांनी तब्येत विचारली. तब्येत चांगली होती. चांगलीला काय म्हणायचं?" मग चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "चूक माझीच. इतकी वर्षं गिऱ्हाइकांना सांगतोय, सही करायच्या आधी वाचा." आणि वर निघून गेले. यापेक्षा त्यांनी मला दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन सांगते म्हणाले, ते मी लिहिलं, यांनी नाही. बाबा माझ्याबरोबर यायला अर्ध्या दिवसाची रजा टाकणार होते. काकांनीच अडवलं. "तुझ्या कागदावर दुसऱ्या वर्षाला हे लिहिलेलं नाही. कॉलेजला जा." मी गेले. खरं सांगायचं तर मला जायचंच होतं, कारण मला भीती वाटत होती. हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

नोकरी गेली, आणि महिनाभरात ते गावी परत गेले. जायच्या आदल्या शुक्रवारी त्या आजी मुलाला घेऊन निरोपाला आल्या होत्या. म्हणाल्या, "अहो, ती द्राक्षं तुमच्या पेटीतली होती म्हणे. गोड होती हो." काका इतके लाजले की त्यांनी विषयच बदलला आणि आजींना हमूरचे कल्ले कसे बघायचे ते सांगायला लागले. वाइनची जाड वही ते मला देऊन गेले. त्यात शेवटच्या पानावर, लोकांच्या जिभांच्या खाली, त्यांच्या स्वतःच्या अक्षरात एकच नोंद आहे. काळी द्राक्षं. बिया मोठ्या. साल जाड. गोड, मागून थोडं खारट. वारा समुद्राचा असेल.

वरच्या फ्लॅटमध्ये आता दुसरी माणसं आहेत, ती केव्हाही येतात आणि केव्हाही जातात. आई शुक्रवारी पहिली भाकरी तव्यावर टाकताना अजून घड्याळाकडे बघते. काका गावाकडे छाटणी करणाऱ्या बायकांची एक टोळी सांभाळतात असं बाबा सांगतात, आणि पाणी प्यायच्या सुट्टीचे कागद करतात असंही सांगतात, पण ते बाबा स्वतः जुळवत असतील. माझ्या मेसेजना त्यांची उत्तरं फार थोडक्यात येतात. जेवलो. बरा आहे. अभ्यास कर. मी दर वेळी माफीचं लिहायला घेते, मराठीतच, आणि एकही वाक्य टिकत नाही. मला वाटायला लागलं होतं की मी लिहिलेलं काही ते आता वाचणार नाहीत.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या वर्षाचा निकाल लागला. मी फक्त पास झाले एवढंच कळवलं. संध्याकाळी त्यांच्याकडून एका कागदाचा फोटो आला. हाताने लिहिलेला, आखलेला, मिनिटांचा. मी सुट्टीत गावी येईन तेव्हाचा एक दिवस. सकाळी ६.१० मिरज स्टेशन, काका हजर. ७.४० घर, हातपाय धुणे. ८.०० भाकरी, काकू करणार. ९.०० बाग पाहणे (आतून). ३.१० जेवण. मासे: नदीतले, मिळाल्यास. समुद्र: नाही.

मध्ये एक ओळ होती. ती मी आधी चुकून सोडून दिली, कारण त्यांच्या कागदावर तसं काही असतं हे डोळ्यांना माहीतच नव्हतं. अकरा ते तीन: मोकळा वेळ.

त्या कागदाची मी प्रत काढली आणि चार वर्षांच्या सहलीच्या खाली चिकटवली. त्या चार तासांत आम्ही दोघांनी काय करायचं, ते त्यांनी लिहिलेलं नाही. मीही अजून विचारलेलं नाही.